झिऱ्यावरचा पहिला नंबर

तळ्यात पाणी नाही, हे मी विरूपाक्षअप्पांना आधीच सांगितलं होतं. एकदा ते निमंत्रण द्यायला कॉलेजात आले तेव्हा, आणि पुन्हा एकदा त्यांच्या भांड्यांच्या दुकानात. दोन्ही वेळा ते हसले.

"तळं म्हणजे तळं, मॅडम. पाणी काय, येतं-जातं."

लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष चाललं होतं आणि शहरातल्या पुष्कळांच्या अंगातून तो नवेपणा अजून उतरला नव्हता. कचेऱ्या आल्या, साहेब आले, दुकानांच्या पाट्यांवर 'जिल्हा' शब्द आला. आता जिल्ह्यात पाहण्यासारखं काहीतरी असायला हवं म्हणून अप्पांनी आणि त्यांच्या व्यापारी मित्रांनी 'नवा जिल्हा निसर्ग मंडळ' काढलं. मंडळाची पहिली सहल रेणापूरच्या पलीकडे, सिद्धाचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याचं तळं. सकाळी शहरातून निघायचं, डोंगर चढायचा, उतरून तळ्याकाठी जेवायचं आणि दिवस मावळायच्या आत घरी. मी वनस्पतिशास्त्र शिकवते. त्या डोंगरावर मुलींना झाडं ओळखायला घेऊन जाते. म्हणून वाट दाखवायचं आणि माहिती सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी हो म्हटलं. पानं गाळून उभं राहिलेलं झाड मेलेलं नसतं, हे लोकांनी एकदा जवळ जाऊन बघावं असं मला मनापासून वाटत होतं.

एप्रिलमधला रविवार होता. भाड्याच्या एसटीत वकील, व्यापारी, दोन डॉक्टर, त्यांच्या बायका, एका साप्ताहिकाचा फोटोवाला आणि गणित शिकवणारी माझी मैत्रीण सिंधु. पुढे अप्पांची जीप. तिच्यात पुऱ्या, मसालेभात, मठ्ठा आणि पाण्याचे दोन मोठे ड्रम. जीप अप्पांचा ड्रायव्हर श्रीमंत चालवत होता.

तळ्याच्या पाळूवर, म्हणजे मातीच्या बांधावर, सगळे चढले. खाली काळी माती भेगाळून पडली होती. भेगांमध्ये हातभर काठी सहज गेली असती. मधोमध एक खड्डा आणि खड्ड्याच्या कडेला एक घागर, एवढंच.

"बोटिंगचं तिकीट कुठं मिळतंय?" सिंधु म्हणाली.

काहीजण हसले. अप्पाही हसले, पण त्यांनी सिंधुकडे पाहिलं नाही.

मी माहिती सांगितली. हा पाझर तलाव आहे, बहात्तरच्या दुष्काळात रोजगार म्हणून समोरच्या वस्तीतल्या बायामाणसांनी खोदलेला. पाणी साठवून ठेवणं हे याचं काम नाही, ते जमिनीत मुरवणं हे काम. वर दिसत नसलं तरी मातीखाली थोडी ओल असते. तो खड्डा दिसतो तो झिरा. त्यात पाणी पाझरून येतं, घरटी नंबर लावून वाटीनं भरून घ्यावं लागतं, आणि सध्या ती सगळी वस्ती त्यावर जगते. एका वकिलांनी विचारलं, ते पाणी फिल्टरचं असतं का. मी नाही म्हटलं.

तेवढ्यात अप्पांनी टाळी वाजवून सगळ्यांना गोळा केलं. श्रीमंतनं जीपमधून दोन पोती आणली. पोत्यांत नवे कोरे पितळी तांबे होते, प्रत्येकावर मंडळाचं नाव कोरलेलं.

"हे मी आतापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं," अप्पा म्हणाले. "नुसतं चालून यायला आपण काय मेंढपाळ आहोत? आज आपण वरचा महादेव कोंडणार."

महादेव कोंडणं मला नवं नव्हतं. आमच्या देगलूरकडेही पाऊस ओढ देतो तेव्हा गाव गाभाऱ्यात पाणी भरतं, पिंड बुडाली की दार लावून घेतं. देवाचा जीव गुदमरला की तो पाऊस पाडतो, असा त्यामागचा भाव. मी लहान असताना पाहिलं आहे. त्यानं पाऊस पडतो असं मी कुठल्या वर्गात शिकवणार नाही, पण जे लोक ते करत होते त्यांची मला कधी चेष्टा करावीशी वाटली नाही. ते घरच्या हंड्यातलं पाणी नेत होते. त्या दिवशी माझी आई स्वतः घोटभर कमी प्यायली होती.

"पाणी कुठलं नेणार?" मी विचारलं.

"तळ्याचं. दुसरं कुठलं?" अप्पा म्हणाले. "तळ्यातून डोंगरावर, फोटोत ते सगळं एका ओळीत आलं पाहिजे."

"जीपमध्ये दोन ड्रम आहेत, अप्पा."

"नळाचं पाणी देवाला? मॅडम, तुम्ही सायन्सवाल्या, तुम्हाला यातलं कळायचं नाही."

तीसेक माणसं नवे तांबे हातात घेऊन तळ्यात उतरली. मी त्यांच्या मागे जवळजवळ पळत गेले.

झिरा कमरेइतका खोल होता. तळाशी एक म्हातारी उकिडवी बसून वाटीनं पाणी उचलत होती आणि वर हात करून घागरीत ओतत होती. घागर गळ्यापर्यंत आली होती. माणसांची सावली पडली तशी तिनं मान वर केली.

"नाव काय बाई तुमचं?" अप्पांनी विचारलं. ते गोडच बोलत होते.

"गुरम्मा."

"गुरम्मा, आम्ही लातूरहून आलोय. महादेव कोंडायला चाललोय वर. तळ्याचं पाणी पाहिजे."

गुरम्मानं सगळ्यांच्या हातातले तांबे बघितले. मग तिनं वाटी कमरेला खोचली आणि हाताचा आधार घेत वर आली.

"घ्या बापा," ती म्हणाली. "देवाला न्यायलेत तर न्हाई कसं म्हनावं."

पहिले दोघे-तिघे झिऱ्यात उतरले. बुटांनी कडेची माती ढासळली आणि तळातलं पाणी काळं झालं. त्या मातीचे कण इतके बारीक असतात की ते पाणी निवळायला पुढची सकाळ उजाडावी लागते. एक डॉक्टर तांब्यात बघून म्हणाले, "हा तर चिखल आहे." मग सगळ्यांचे डोळे घागरीकडे वळले. घागरीत पाणी स्वच्छ होतं.

"त्यातलं चालेल," अप्पा म्हणाले. "एकेकाला थोडं थोडं."

गुरम्मानं घागर उचलली. एकेक तांब्या पुढे येत गेला आणि ती वाकवत गेली. फोटोवाल्यानं तिला जरा बाजूला व्हायला सांगितलं, मागे डोंगर यायला हवा होता. ती बाजूला झाली.

मी तिच्याजवळ गेले. तिच्या बोलण्याचा हेल आमच्याकडचा वाटला म्हणून तोंडातून अव्वा निघालं. आमच्याकडे आईला, आजीला अव्वा म्हणतात.

"अव्वा, हे पाणी घरी कशाला नेणार होता?"

तिनं घागर खाली ठेवली. ओतायचं काही उरलं नव्हतं.

"सून बाळंत झाली. आज पाचवी हाय. न्हाऊ घालायचं व्हतं दोघाला. आज पयला नंबर मिळावा म्हनून शेजारच्या जगदेवीला माझे दोन नंबर दिले."

"आता परत कधी नंबर?"

"आता लोकाचे नंबर. माझा परवा." तिनं झिऱ्यात डोकावून पाहिलं. "गढूळ झालंय. आज तर कुनालाच न्हाई."

मी अप्पांकडे वळले. आवाज चढू नये म्हणून मी जपून बोलले. 

"अप्पा, हे पाणी घागरीत परत ओतायला सांगा. पाच दिवसांच्या बाळाच्या अंघोळीचं पाणी आहे हे."

लोक थांबले. एक-दोन बायकांनी खरंच तांबे पुढे केले. त्यांच्या चेहऱ्यावर ओशाळलेपण होतं, ते मी नाकारत नाही. पण गुरम्माच दोन्ही हात हलवत मागे सरकली.

"न्हाई बाई. देवाचं म्हनून दिलं, ते माघारी घेता येत न्हाई. घरात लेकरू हाय. भलतंच काई व्हायला नको."

"बघा," अप्पा म्हणाले. "तिची श्रद्धा आहे. आपण का मधे पडायचं?"

"मग जीपमधला एक ड्रम तिच्या घरी पाठवा."

"अहो, तीस माणसं डोंगर उतरून येणार. जेवणार, हात धुणार. उतरल्यावर उरलं तर देऊच की. मी काय राक्षस आहे?"

ते राक्षस नव्हतेच. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला ते आधी पाणी विचारत. मला चीड आली ती याचीच. एवढा भला माणूस, आणि त्याच्या भलेपणात गुरम्माची घागर कुठे बसतच नव्हती.

मी जायला नको होतं असं कुणी म्हणेल. पण वाट मलाच माहीत होती आणि वरच्या कड्यावर दोन ठिकाणी पाय घसरतो. मी त्यांना घेऊन चढले. झाडांची माहिती विचारली तेवढीच सांगितली. अर्ध्यावर पांढऱ्या सालीचं कांडोळाचं झाड आलं, फांद्या उघड्या, एकही पान नाही. याच्या बुंध्यात पाणी धरून ठेवलेलं असतं, असं मी म्हटलं आणि पुढे बोलावंसं वाटलं नाही. लोकांच्या तांब्यांतलं पाणी चालताना हिंदकळत होतं. कुणी रुमाल ओला करून मानेवर ठेवला. एकानं तोंडावर मारलं. "देवाला काय, थेंब पोचला तरी चालतो," असं तो हसत बायकोला सांगत होता.

कड्याखाली एका वकीलबाईंचा पाय मुरगळला. सिंधु आणि मी त्यांना धरून मागे राहिलो. बाकीची मंडळी पुढे गेली. म्हणून मंदिर दिसायच्या आधी मला मंदिराच्या मागच्या बाजूचा खडक दिसला, आणि खडकावर ओला पट्टा. काळ्या दगडावरून पाण्याची धार खाली येत होती. वीतभर रुंद, मग बोटभर, मग नुसता डाग. तिच्यावर गांधीलमाशा जमल्या होत्या. वरून टाळ्यांचा आवाज आला.

मला समजायला वेळ लागला नाही. पिंडीवर घातलेलं पाणी गोमुखातून बाहेर जातं, रोज जातं, गोमुख त्यासाठीच असतं. देव कोंडायचा तर आधी गोमुखात चिखलाचा गोळा ठोकून बसवतात. आमच्याकडे ते लहान मुलांना माहीत असतं. वर तीस शिकलेली माणसं होती, त्यांतली अर्धी दर सोमवारी महादेवाला जाणारी. त्यांनी पाणी ओतलं होतं आणि फोटोसाठी कॅमेऱ्याकडे बघितलं होतं. पाणी कुठे जातंय ते कुणी बघितलं नव्हतं.

मी पोचले तेव्हा अप्पा दाराशी उभं राहून नव्या जिल्ह्यावर बोलायला लागले होते. मी त्यांना बाजूला घेतलं.

"गाभारा कोरडा आहे, अप्पा. गोमुख बुजवलं नाही. सगळं पाणी मागे वाहून गेलं."

त्यांनी आत डोकावून पाहिलं. पिंड उघडी होती, शाळुंकेच्या कडेला थोडी ओल, दोन बेलाची पानं. त्यांचा चेहरा पडला, पण फार वेळ नाही.

"आता झालं ते झालं. भावना महत्त्वाची, मॅडम. कुणाला बोलू नका. लोकांचा विरस होईल."

"दार लावतानाचा एक घेऊ या," फोटोवाला म्हणाला.

आणि त्यांनी दार लावलं. कोरड्या गाभाऱ्याला कडी घातली, कडीला हार घातला. सगळ्यांनी हात जोडले.

मी खूप वेळा विचार केला आहे की त्या क्षणी मी सगळ्यांसमोर बोलायला हवं होतं का. बोलले असते तर अर्ध्या जणांना वाईट वाटलं असतं, बाकीच्यांनी मला गप्प केलं असतं, आणि पाणी दगडातून परत आलं नसतं. मी सिंधुला म्हटलं, "यांना सरळ वाटेनं उतरव. घाई करू नका. वकीलबाईंना मधे मधे बसू द्या."

"तू कुठं निघालीस?"

"जीपकडे."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "जा," ती म्हणाली. "अप्पांचं भाषण अजून संपायचंय. आणि पाय मुरगळलेली बाई माझ्याकडं आहे."

मी शेळ्यांच्या वाटेनं उतरले. श्रीमंत बाभळीखाली जीपच्या सावलीत पडला होता. मी त्याला सांगितलं, दोन्ही ड्रम घेऊन वस्तीवर चल.

तो उठून बसला. "अप्पांनी सांगितलंय?"

"मी सांगतेय."

त्यानं टॉवेल झटकला, डोंगराकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं.

"तुमी काई बोलल्या न्हाई, मॅडम. मी काई इचारलं न्हाई," तो म्हणाला. "मला वाटलं अप्पांनीच सांगितलं आसंल. बसा."

गुरम्माचं घर वस्तीच्या टोकाला होतं. दाराशी बाळंतिणीच्या खोलीतून येतो तसा ओव्याच्या धुराचा वास. ड्रम बघून ती आधी बाहेरच आली नाही.

"कुनाचं हाय?"

"अप्पांनी दिलंय," मी म्हटलं. खोटं बोलायची मला सवय नाही, पण मंडळाचं म्हटलं असतं तर तिनं मंडळ म्हणजे काय ते विचारलं असतं, आणि माझं म्हटलं असतं तर तेही खोटंच झालं असतं.

"देवाचं?"

"नाही. अंघोळीचं."

त्यावर ती जरा हसली. मग तिनं शेजारच्या जगदेवीला हाक मारली. जगदेवी आली, मागून आणखी चार-पाच बायका आल्या. झिरा गढूळ झाल्याचं सगळ्यांना कळलेलं होतं, त्या रिकाम्या घागरी घेऊनच घरात बसल्या होत्या. एक ड्रम गुरम्माच्या रांजणात आणि हंड्यात रिकामा झाला. दुसरा बाकीच्यांनी वाटून घेतला, कुणी कुणाला न ढकलता. गुरम्मानं चुलीवर पाणी चढवलं, जगदेवी बाळाला न्हाऊ घालायला आतच थांबली.

वरून सगळं दिसत होतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. डोंगरावरच्या मंडळींना जीप वस्तीत उभी दिसली. जेवणाची जागा बदलली असं समजून ते सगळे सरळ इकडेच उतरले. ऊन डोक्यावर आलेलं, तोंडं लाल, ओठ सुकलेले, हातात रिकामे पितळी तांबे.

"आधी पाणी," अप्पा जीपला टेकून म्हणाले. "श्रीमंत, ड्रम उघड."

"रिकामे हायत, अप्पा."

"रिकामे म्हणजे?"

त्यांनी ड्रमवर थाप मारली, तो पोकळ वाजला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना समजलं. त्यांच्या मानेवरची शीर फुगलेली मला दिसली. ते बोलणार तेवढ्यात गुरम्मा दारातून बाहेर आली आणि त्यांच्या पुढ्यात हात जोडून उभी राहिली.

"अप्पा, लई केलंत. सून आन् बाळ पानी तापायची वाट बघायलेत. देव तुमचं भलं करू."

सगळे ऐकत होते. वस्तीतल्या बायका बघत होत्या. फोटोवाल्यानं कॅमेरा वर केला आणि अप्पांचा हात आपोआप टोपीकडे गेला. सिंधु पुढे होऊन नेमकी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली.

"ऊन डोळ्यावर येतंय," ती म्हणाली. "फोटो चांगला यायचा नाही."

"तीस माणसं तहानलेली आहेत, मॅडम," अप्पा मला हळू आवाजात म्हणाले. "तुम्हाला काही जबाबदारी?"

"आहे. म्हणून सकाळी म्हटलं होतं, एक ड्रम पाठवा. तेव्हा एकातच भागलं असतं."

"ते पाणी मंडळाचं होतं."

"मग मागून घ्या त्यांच्याकडून."

त्यांनी गुरम्माकडे एकदा बघितलं आणि नजर रिकाम्या ड्रमकडे वळवली. आणि मग जे झालं त्यानं मला सकाळपेक्षा जास्त चीड आली. वकीलबाई ओट्यावर बसल्या आणि नुसतं "आई गं, पाणी" म्हणाल्या. तेवढं ऐकून गुरम्मा आत गेली आणि रांजणातून घागर भरून घेऊन आली. पाणी मागितल्यावर तिला नाही म्हणता येत नव्हतं. सकाळी देवाचं नाव लागलं होतं, आता तेही लागलं नाही. मंडळींचे तांबे पुन्हा पुढे आले, भराभर, सकाळसारखेच.

मी घागरीवर हात ठेवला.

"अव्वा, तुमची वाटी द्या."

तिनं कमरेची वाटी काढून दिली. झिऱ्यातली वाटी, पितळेची, काठ झिजलेला.

"प्रत्येकाला एक वाटी," मी लोकांना म्हटलं. "इथं नंबर असतो. ओळीत या."

माझा आवाज वर्गात लागतो तेवढाच होता. एक डॉक्टर म्हणाले, "अहो, एका वाटीनं काय होतंय." मी म्हटलं, "इथं घागर वाटीनंच भरते, डॉक्टर. सकाळी आपण पाहिलं." ते ओळीत उभे राहिले. मी वाटी भरून तांब्यात ओतत गेले. तळ जेमतेम झाकला जायचा. कुणी सांडलं नाही. वर जाताना तोंडावर पाणी मारलेला गृहस्थ आपला तांब्या शेवटच्या थेंबापर्यंत उलटा धरून उभा होता. वकीलबाई आपल्या वाट्याचं अर्धंच प्यायल्या आणि उरलेलं परत घागरीत ओतायला त्यांनी तांब्या पुढे केला. उष्टं पाणी घागरीत चालत नाही. गुरम्मानं ते दारातल्या शेवग्याला घातलं.

अप्पा शेवटी आले. त्यांनी वाटीभर पाणी एका घोटात संपवलं, तोंड पुसलं आणि तांब्या पुन्हा पुढे केला. ते सहज केलं होतं त्यांनी, रागानं नाही. आयुष्यात आजवर प्रत्येक दारात त्यांना दुसऱ्यांदा पाणी मिळालं होतं. गुरम्माचा हात घागरीच्या गळ्याकडे गेलाही.

मी तिचा हात धरला.

"नंबर संपला, अप्पा," मी म्हटलं. "पुढचा परवा."

 तांब्या तसाच पुढे होता, मंडळाचं नाव माझ्याकडे करून. पुढे मंडळानं मला कधी बोलावलं नाही, दुसऱ्या कुणी बाई वाट दाखवतात असं ऐकते. त्या वेळी मात्र अप्पांनी तांब्या सावकाश खाली घेतला.

आतून बाळ रडायला लागलं, मोठ्यानं, दम लागेपर्यंत. अंगावर पहिला तांब्या पडला की नवी बाळं रडतात तसं. गुरम्मा पाठ फिरवून आत गेली. मी घागर उचलली आणि तिच्या मागोमाग आत नेऊन ठेवली.